विडी सुटल्यावर खोकला का वाढतो?

"ओढत होतो तोवर ठीक होतं, सोडल्यापासून खोकलाच थांबत नाही." विडी-सिगारेट सोडलेल्या पुष्कळ जणांची ही तक्रार असते. त्यातले काही या खोकल्याला भिऊन पुन्हा टपरीकडे वळतात. दोन झुरके घेतल्यावर छाती शांत झाल्यासारखी वाटते आणि "शरीराला सवय झाली होती, एकदम सोडलं म्हणून बाधलं" असा निष्कर्ष पक्का होतो. धूम्रपानाविषयीच्या सगळ्या गैरसमजांत हा मला सर्वांत घातक वाटतो, कारण अवघड काम करून दाखवलेल्या माणसालाच तो मागे ओढतो.

श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सतत लयीत हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला चिकट कफ घशापर्यंत वर सरकवत राहतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. तंबाखूच्या धुराने हे केस मंदावतात, आखूड होतात. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात. म्हणजे कफ वाढतो आणि तो वर काढणारी यंत्रणा लुळी पडते. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याला सकाळी उठल्या उठल्या येणारी ढास यातूनच येते. धूर थांबला की हे केस पुन्हा वाढू लागतात, कामाला लागतात आणि साचलेला कफ वर येऊ लागतो. खोकला वाढतो तो यामुळे. सगळ्यांनाच तो होतो असं नाही. ज्यांना होतो त्यांचा सहसा काही आठवड्यांत उतरू लागतो. पहिल्या नऊ महिन्यांत खोकला आणि दम लागणं, दोन्ही बऱ्याच जणांचं कमी होतं. झुरका घेतल्यावर मिळणारी शांतता म्हणजे ही सफाई पुन्हा थंडावल्याची खूण आहे.

मात्र प्रत्येक खोकल्याला "सोडल्यामुळे होतोय" म्हणून अंगावर काढू नये. धूम्रपान करणाऱ्यांना क्षयरोगाचा धोका जास्त असतो, आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी, असं आपल्याकडचा क्षयरोग कार्यक्रमच सांगतो. बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन यांतलं काही दिसलं तर थांबूच नये.

"तीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग? फुप्फुसं तर काळी झाली." हे वाक्य वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी फार येतं आणि ऐकताना वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा अभ्यास सुरू केला. सुमारे 34 हजार पुरुष डॉक्टरांची पन्नास वर्षांची नोंद 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. ओढतच राहिलेल्यांच्या तुलनेत साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षं जास्त आयुष्य मिळालं. पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांना दहा.

शरीर तर एवढीही वाट पाहत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. शेवटच्या विडीनंतर एक-दोन दिवसांत तो जवळजवळ निघून जातो. कर्करोगाचा हिशेब लांबचा आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दहा वर्षांत, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर येतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये 16 जणांच्या श्वासनलिकांतल्या पेशींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. धूम्रपान सोडलेल्यांमध्ये 40 टक्क्यांपर्यंत पेशी अशा आढळल्या, की त्यांत धुराची इजा जवळपास नव्हतीच. ओढत असलेल्यांपेक्षा हे प्रमाण चौपट होतं. कुठेतरी धुरापासून बचावलेल्या निरोगी पेशी सोडल्यानंतर वाढून जखमी पेशींची जागा घेत असाव्यात, असं त्या संशोधकांचं म्हणणं.

आता याच्या उलट टोकाचा समज: "सोडल्यावर सात वर्षांत फुप्फुसं नव्यासारखी होतात." तसं होत नाही, आणि खोटी आशा देण्यात भलं नाही. कर्करोगाचा धोका घटतो, पण कधीच न ओढणाऱ्याइतका खाली सहसा येत नाही. फुप्फुसांच्या टोकाशी हवेचे बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या भिंती एकदा फाटल्या की पुन्हा बांधल्या जात नाहीत. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार झालेल्या माणसाची ही हानी कायमची असते.

मग त्यानं कशाला सोडायचं? इथे एक आकडा पाहण्यासारखा आहे. जोरानं श्वास सोडताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, यावरून फुप्फुसांची ताकद मोजतात. वयानुसार ही ताकद सगळ्यांचीच थोडी थोडी घटते. उत्तर अमेरिकेत सीओपीडीची सुरुवात झालेल्या सुमारे 5,900 जणांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या पुरुषांचा अकरा वर्षांनंतरचा हिशेब असा: ओढत राहिलेल्यांची ताकद दर वर्षी सुमारे 66 मिलिलिटरनं घटत होती, सोडलेल्यांची सुमारे 30 मिलिलिटरनं. गेलेलं फारसं परत आलं नाही, पण घसरणीचा वेग निम्म्याहून कमी झाला. सत्तरीत स्वतःच्या पायांनी जिना चढता येणं की घरात बसूनही धाप लागणं, हे या वेगावर ठरतं. म्हणून ज्याचं नुकसान आधीच झालंय, त्यानं तर एक दिवसही घालवू नये.

गूळ खाल्ल्यानं छाती साफ होते, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. खाल्लेला गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो. श्वासनलिकेतलं डांबर तो धुऊन काढू शकत नाही. वाफेनं नाकाघशाला आराम पडतो, तेवढाच तिचा उपयोग. सफाईचं काम ते बारीक केसच करतात, आणि त्यांना हवा असतो फक्त धुराविना गेलेला काळ.

"विडी तर पानाची, नैसर्गिक." टेंभुर्णीच्या पानातून हवा कमी खेळते, त्यामुळे विडी पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्तच जातो. दिवसाला एकावर आणली तरी बिनघोर होता येत नाही: रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा वाटा रोजच्या एकाच सिगारेटनंही ओढवतो. आणि विडी सोडून तंबाखू-चुना किंवा मिश्री धरली, तर फुप्फुसांवरचं संकट तोंडावर येतं.

एकदम सोडल्यानं इजा होते, हेही खरं नाही. चिडचिड, झोपमोड, तलफ हे सगळं होतं. पहिले काही दिवस सर्वांत जड जातात आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा जोर ओसरतो. निकोटिनच्या च्युइंगगमनं किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ते सुसह्य होतं. ती घेण्यात कमीपणा नाही. 1800-11-2356 या केंद्र सरकारच्या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं. चाळिशी उलटलेल्या आणि चढावर दम लागणाऱ्या माणसानं सोडतानाच एकदा स्पायरोमेट्री करून घ्यावी. नळीत जोरानं फुंकायची ही तपासणी थोड्या वेळात होते, आणि वर्षानं पुन्हा केली की आपली घसरण मंदावली का, हे कागदावर दिसतं.