हलतीं चित्रें आणि मुलांच्या गोष्टी

वाशिमच्या एखाद्या घरांत चार-पांच वर्षांचें मूल चित्रांचें पुस्तक घेऊन बसलें, म्हणजे तें पानें सरळ क्रमानें क्वचितच उलटतें. ससा बिळांत शिरला, कीं तो आला कोठून हें पाहण्यास तें मागचें पान काढतें. मग एकदम शेवट उघडून कोल्ह्याचें काय झालें याची खात्री करून घेतें. तेंच मूल मोबाइलच्या पडद्यावर हलत्या चित्रांची गोष्ट पाहूं लागलें, कीं निश्चल बसतें. वडील मंडळींस हें निश्चल बसणें फार सोयीचें वाटतें. पण दोन्ही ठिकाणीं मुलाच्या मनांत काय चालतें, हा प्रश्न त्या सोयीपायीं मागें पडतो.

चित्रांनीं गोष्ट सांगण्याची विद्या या भूमीस नवी नाहीं. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत या शाखेंतील हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. शेजारचें १७ वें लेणें त्याच राजाच्या एका मांडलिकानें करविलें. या १७ व्या लेण्याच्या भिंतीवर महाकपीची जातककथा रंगविलेली आहे. वानरांचा राजा आपल्या कळपाच्या सुटकेसाठीं नदीवर स्वतःच्या देहाचा पूल करितो, आणि त्याच चित्रांत अन्यत्र तो काशीच्या राजाशीं बोलतांना दिसतो. एका चित्रांत एकच वानर दोनदां कसा, ही शंका प्रौढास येते. मुलास ती येत नाहीं. मधें काय घडलें असेल, तें त्यानें मनांत केव्हांच जुळविलेलें असतें.

हलत्या चित्रांची युक्ति मुळांत हीच. भिंतीवर जीं चित्रें शेजारीं शेजारीं असतात, तीं येथें एकामागून एक, सेकंदास २४ या वेगानें डोळ्यांपुढून जातात. दोन चित्रांतील फरक इतका थोडा, कीं डोळ्यास तीं निरनिराळीं भासतच नाहींत. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं मुंबईस एका वाटाण्याच्या रोपाचीं चित्रें दिवसामागून दिवस टिपलीं, आणि पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां वाढलें. पुढें १९१५ सालीं 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट त्यांनीं केला. काडी किंचित् सरकवावी, एक चित्र घ्यावें, पुन्हां सरकवावी. निर्जीव काडीस चालतें करण्याचा याहून सोपा, आणि याहून कंटाळवाणा, मार्ग नाहीं! प्रभात कंपनीनें १९३४ सालीं 'जंबूकाका' काढला. मुंबईच्या तत्कालीन फिल्म्स डिव्हिजनमध्यें डिस्नेकडील चित्रकार क्लेअर वीक्स यांनीं १९५६ पासून येथल्या चित्रकारांस शिकविलें, आणि १९५७ सालीं 'दि बनियन डिअर' तयार झाला. त्याची गोष्टहि जातकांतीलच आहे: गाभण हरिणीच्या जागीं स्वतःचा प्राण देऊं करणाऱ्या मृगराजाची.

श्रमांचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. सात मिनिटांच्या चित्रपटांत १०,०८० चौकटी येतात. एक चित्र दोन चौकटींस पुरविलें, तरी ५,०४० चित्रें लागतात. आतां मधलीं पुष्कळ चित्रें संगणक पुरवितो. पण चित्रें कोणींहि काढलीं तरी मधली जागा आधींच भरलेली असते, आणि पाहणाऱ्या मुलाकडे भरण्यास थोडेंच उरतें. पुस्तकाचें एक पान आणि दुसरें पान यांमधील जागा मात्र संपूर्णपणें मुलाची. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या मालेंतील चित्रें, किंवा १९७१ पासून निघणारें 'किशोर' मासिक, हीं मुलांस पुन्हां पुन्हां हवींशीं वाटतात, त्याचें एक कारण हेंच असावें. (गोष्टीखालीं ठळक अक्षरांत छापलेलें तात्पर्य मुलें वगळतात, आणि योग्यच करतात.)

पिंगुळीचे चित्रकथी ही मधली जागा हातांत ठेवतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील या गांवचे ठाकर कलावंत एक चित्र श्रोत्यांपुढें धरतात, त्यावर गातात, बोलतात, आणि मग दुसरें काढतात. चित्र किती वेळ थांबावें हें सांगणाऱ्याच्या स्वाधीन असतें. लघुपटाला अशी सवड नसते. मोबाइलवर तर एक गोष्ट संपतांच, न मागतां, दुसरी सुरू होते. मुलाच्या तोंडांतला प्रश्न तोंडांतच राहतो. आवाज बहुधा परक्या भाषेचा असला, तर त्या प्रश्नासाठीं लागणारा मराठी शब्दहि कानीं पडत नाहीं. घरचें मोठें माणूस शेजारीं नसलें, कीं ही उणीव भरून निघणें कठीण.

म्हणून लघुपट वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. तो थांबवितां येतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे झालें. विजया मुळे यांचा १९७४ सालचा 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहून एक संबंध पिढी वाढली. त्यांत पांखरें पारध्याच्या जाळ्यांत सांपडतात, पंचतंत्रांतील कबुतरांप्रमाणेंच. नेमक्या त्या ठिकाणीं आजोबांनीं चित्र थांबवावें आणि विचारावें, "आतां हीं काय करतील, बाळ?" एक मूल म्हणेल, उंदरास हांक मारा. दुसरें म्हणेल, जाळें चोंचीनें कुरतडा. तिसरें पारध्यासच जाळ्यांत घालील. सर्वांचें ऐकून झालें, म्हणजे मग पांखरांस उडूं द्यावें.