खाचेतल्या गाड्यांची शर्यत
१९५७ साली ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ हा स्लॉट कारचा, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा, संच बाजारात आणला. व्हिडिओ गेमच्या काळातही स्लॉट कारचा छंद टिकून आहे. गाडी खाचेतूनच धावणार, हातात फक्त वेगाचा खटका, मग त्यात कसब कसले, असा आक्षेप असतो. पण खाच दिशा तेवढी देते. वेग सांभाळायचा तो खेळाडूनेच. वळणाआधी खटका क्षणभर उशिरा सुटला, की मागची चाके घसरून गाडी खाचेबाहेर फेकली जाते. पोटाखालचे चुंबक तिला ट्रॅकमधल्या धातूच्या पट्ट्यांना धरून ठेवते, हे खरे. म्हणूनच अनेक मुरलेले खेळाडू ते काढूनच टाकतात. शिवाय टायर घासून गोल करणे, वीज घेणाऱ्या तांब्याच्या वेणीचे तंतू नीट पसरवणे हे काम हाताचे, आणि त्याचा परिणाम पुढच्याच फेरीत घड्याळावर दिसतो.