तेरा गोलांपलीकडचा फोंतेन

पॅरिस : फ्रान्समध्ये फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की ज्युस्त फोंतेनच्या तेरा गोलांची आठवण निघतेच. १९५८ साली स्वीडनमध्ये त्याने सहा सामन्यांत ते केले. त्यातले चार एकट्या पश्चिम जर्मनीविरुद्ध. स्वतःचे बूट फाटल्यामुळे सहकारी स्तेफान ब्रुएचे बूट घालून तो खेळला होता. २०२२च्या विश्वचषकात फ्रान्सच्याच एमबापेने सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, तोही आठच गोलांवर.

मात्र फोंतेनचं सर्वांत मोठं काम मैदानाबाहेर झालं, असं माझं ठाम मत आहे. त्या काळी फ्रान्समधला व्यावसायिक खेळाडू वयाच्या पस्तिशीपर्यंत एकाच क्लबला बांधलेला असे. क्लब त्याला विकू शके, पण त्याला आपणहून क्लब सोडता येत नसे. १९६१मध्ये फोंतेनने कॅमेरूनहून आलेला खेळाडू यूजेन न्जो लेआ आणि इतर सहकाऱ्यांसह खेळाडूंची संघटना उभी केली. फ्रान्समध्ये हक्क मागायचा तर आधी संघटना बांधायची, ही कामगारांची जुनी रीत. फुटबॉलपटूंनीही तीच धरली. १९६९मध्ये मुदतीचे करार आले आणि ती बेडी तुटली.

त्याचा लाभ फोंतेनला मिळाला नाही. १९६०मध्ये पाय मोडला, सावरतो न सावरतो तोच पुन्हा मोडला आणि १९६२मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. फ्रान्ससाठी २१ सामन्यांत ३० गोल, इथेच हिशेब थांबला.

पुढे तो प्रशिक्षक झाला. १९६७मध्ये राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद मिळालं, पण दोन मैत्रीपूर्ण सामने हरताच गेलं. तो खचला नाही. आज धनाढ्य म्हणून ओळखला जाणारा पॅरिस सेंट जर्मेन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. फोंतेनच्या हाताखाली १९७४मध्ये तो पहिल्या श्रेणीत चढला. नंतर त्याने मोरोक्कोचा संघ घडवला आणि १९८०च्या आफ्रिकी चषकात तिसऱ्या स्थानी नेला. फोंतेन जन्मला होता माराकेशमध्ये, फ्रेंच अमलाखालच्या मोरोक्कोत. वडील फ्रेंच, आई स्पॅनिश. वसाहतींशी असं नातं असलेली माणसं इथल्या फुटबॉलच्या इतिहासात पानोपानी भेटतात.

मार्च २०२३मध्ये, ८९व्या वर्षी, तुलूझमध्ये त्याचं निधन झालं. तेरा गोलांचा विक्रम कधी तरी मोडेल. पण करार संपल्यावर आपला क्लब स्वतः निवडणारा प्रत्येक फ्रेंच खेळाडू फोंतेन आणि त्याच्या साथीदारांचा ऋणी राहील.