राडारोड्यातली वाळू, पाण्यातला गाळ

२००९ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुडगाव आणि मेवात भागातलं अरवलीचं खाणकाम थांबवलं. त्याच वर्षी दिल्लीच्या उत्तर टोकाला, बुराडीत, पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यातून वाळू-खडी परत मिळवणारा प्रकल्प सुरू झाला. एका अर्थाने खाण शहरातच आली, आणि खाणवाल्यांची जुनी डोकेदुखीही सोबत आली: धुतलेल्या पाण्यातला बारीक गाळ.

धुणं टाळता येत नाही. वाळूच्या कणाला मातीचा लेप राहिला, तर सिमेंट नीट धरत नाही आणि काँक्रीट कच्चं राहतं. म्हणून चुरलेला माल पाण्याने धुतात. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला दोन-अडीच मिनिटं घेतो. त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे दोन मायक्रॉनच्या कणाला मात्र तीन दिवस लागतात, कारण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतो. त्यात चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋणभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी गढूळच राहतं.

वाळू वेगळी करायला पाणी शंकूच्या आकाराच्या नळकांड्यात गरगर फिरवतात; जड कण भिंतीकडे जाऊन तळाने पडतात, गढूळ पाणी वरून निघतं. या पाण्यात लांब साखळीचे पॉलिमर अगदी थोड्या प्रमाणात सोडतात. एकेक साखळी अनेक कणांना धरते, त्यांचे गुच्छ होतात आणि ते भराभर तळाशी जातात. गढूळ पाण्यासाठी निवळीची बी उगाळून घालण्याची आपल्याकडची रीत याच तत्त्वावर चालते. वरचं स्वच्छ पाणी पुन्हा धुण्याला येतं; तळाचा दाट गाळ दाबयंत्रात पिळून त्याच्या कोरड्या वड्या करतात.

हा शेवटचा टप्पा खर्चिक असल्याने खाणी अनेकदा तो टाळतात आणि ओला गाळ बांधाआड साठवतात. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथला लोहखाणीचा असा बांध २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला आणि सुमारे २७० माणसं गेली. दिल्लीत तर तळं बांधायला जागाच नाही आणि नाल्यात सोडलेला गाळ शेवटी यमुनेतच जाणार. त्यामुळे इथे राडारोड्याच्या वाळूचा दर ठरवताना गाळ पिळण्याचा खर्चही त्यातच धरावा लागतो. तो वगळून वाळू स्वस्त दाखवली, तर उरलेली किंमत नदी भरते.