दशांश मिलिमीटरची वाट

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारात नाइलिट आहे, पूर्वीची सीईडीटीआय. इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवणाऱ्या अशा संस्थेत पाऊल टाकलं की हे आकडे लवकरच ओळखीचे होतात: छिद्र 0.3 मिलिमीटर, त्याभोवतीचा तांब्याचा पॅड 0.6, पीसीबीची, म्हणजे सर्किट बोर्डाची, जाडी 1.6. या छिद्राला व्हाया म्हणतात. वरच्या लेयरमधला प्रवाह त्यातून खालच्या लेयरमध्ये उतरतो. मापं इतकी बारीक, की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून सगळं 10,000 पट मोठं करू.

10 सेंटिमीटरचा चौरस बोर्ड आता एक किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद झाला. क्रांती चौकाभोवतीचा बराच भाग त्याखाली येईल. त्यावर 2,000 व्हाया असतील, तर तेवढ्या जागेत 2,000 विहिरी. प्रत्येक विहीर 3 मीटर रुंद, 16 मीटर खोल. मराठवाड्याला हे माप नवं नाही. आतून 25 सेंटिमीटर जाड तांब्याचं अस्तर, कारण प्लेटिंग खरं तर 25 मायक्रॉनचं. काठाभोवती दीड मीटर रुंद ओटा, तोच पॅड.

आता ड्रिल. मिनिटाला दीड लाख फेरे, म्हणजे सेकंदाला 2,500. एवढं फिरूनही टोक इतकं बारीक, की त्याच्या कडेचा वेग ताशी साडेआठ किलोमीटरच भरतो. नेम 0.075 मिमी हुकला, की आपल्या मोठ्या मापात विहीर 75 सेंटिमीटर सरकते आणि एका बाजूचा ओटा निम्मा होतो.

खरी चुरस बीजीए चिपखाली. तिथं सोल्डरचे गोळे 0.8 मिमी अंतरावर, म्हणून विहिरीही 8 मीटरवर. ओट्यासकट विहीर 6 मीटर, मधे उरतात 2 मीटर. एक मीटर रुंद तांब्याचा ट्रॅक न्यायचा तर दोन्हीकडे एकेक मीटर मोकळं हवं, म्हणजे 3 मीटर. वाट बंद! पॅड 0.6 वरून 0.5 केला, की नेमके 3 मीटर मिळतात आणि ट्रॅक निघतो. एरवी त्याच ट्रॅकसाठी बोर्डात आणखी लेयर घालावी लागली असती. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची ही ताकद मला दर वेळी थक्क करते.

पण ओटा आता एकच मीटर. विहीर 75 सेंटिमीटर सरकली तर उरतात 25, म्हणजे प्रत्यक्षात 25 मायक्रॉन. आयपीसी मानकांच्या क्लास 3 ला बाहेरच्या लेयरवर किमान 50 लागतात. छिद्र 0.2 केलं तर ओटा परत दीड मीटर होतो. मात्र विहिरीची खोली रुंदीच्या आठपट होते आणि प्लेटिंगचं द्रावण तळापर्यंत सारखं पोचवणं जड जातं.

त्यात उष्णता. 100 अंशांनी तापला की 16 मीटर जाडीचा बोर्ड 9–10 सेंटिमीटर फुगतो, तांबं मात्र तीनहून कमी. फरक सोसतं ते पातळ अस्तर, आणि तेच तडकतं. वाळूजला दुचाकी बनतात. त्यांच्या इंजिनाजवळच्या बोर्डाचं हे रोजचं तापणं-निवणं.

सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलून सगळे 2,000 व्हाया लहान करता येतात. तसं करू नये, असं माझं ठाम मत आहे. 20 गुणिले 20 गोळ्यांची चिप सुमारे 16 मिमीच्या चौरसात बसते, बोर्डाच्या जेमतेम अडीच टक्क्यांत. लहान पॅड तेवढ्यातच द्यावा, ट्रॅक पॅडला मिळतो तिथं टिअरड्रॉपनं तांबं वाढवावं. बाकी सगळीकडे 0.6 किंवा त्याहून मोठा पॅड राहू द्यावा. आणि आखणीआधी बोर्ड बनवणाऱ्याला विचारावं, तुमचं ड्रिल किती सरकतं?