वाद्याला हात लावणारी भाषा

इंग्रजी शब्दाला स्पॅनिश प्रतिशब्द म्हणजे कोशातला पहिला अर्थ, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘प्ले’ हे क्रियापद घेऊन पाहावे. इंग्रज फुटबॉलही ‘प्ले’ करतो आणि पियानोही. स्पॅनिशमध्ये खेळाला ‘खुगार’, वाद्याला मात्र ‘तोकार’; आणि ‘तोकार’चा मूळ अर्थ स्पर्श करणे. आपण वाद्य वाजते करतो, स्पॅनिश माणूस त्याला हात लावतो, बासरीलासुद्धा! (आमच्या वडिलांच्या तंबोऱ्याला विचारल्यावाचून हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.)

‘की’ची तऱ्हा याहून बिकट. कुलपाची ती ‘याबे’, पियानोची ‘तेक्ला’, सांकेतिक लिपीची ‘क्लाबे’ आणि गाण्याची ‘तोनालिदाद’. आपल्या पेटीवर बोटाखाली असते ती पट्टी, आणि गवयाची ‘काळी चार’ हीही पट्टीच. येथे मराठी इंग्रजीच्या बाजूला बसते.

खरा घोटाळा स्वरनामांत होतो. इंग्रजी ‘सी’ला स्पॅनिशमध्ये ‘दो’ म्हणतात. त्याला आपला ‘सा’ समजून शिकवणारे मी पाहिले आहेत. आपला षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. स्पॅनिश ‘दो’ म्हणजे पेटीची पांढरी एक, मग गाणारा कोणीही असो.