सां-सुल्पीसचा ऑर्गन

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावरील सां-सुल्पीस या चर्चच्या मुख्य द्वारावरच्या उंच सज्जात, वेदीपासून अगदी दूरच्या टोकाला, जो ऑर्गन उभा आहे, त्याची थोरवी सांगताना त्याच्या सुमारे सात हजार नळ्यांचा आणि त्यांतल्या बत्तीस फुटी नळ्यांचा हवाला बहुधा दिला जातो; परंतु त्याचे खरे माहात्म्य एका माणसापुरत्या जागेत बसवलेल्या त्याच्या कन्सोलमध्ये, म्हणजे वादकापुढील पट्ट्या-मुठींच्या मांडणीत, आहे, असे मला वाटते.

हे वाद्य प्रथम १७८१ साली क्लिको या कारागिराने घडवले आणि शाल्ग्रँ या वास्तुविशारदाने त्याचा देव्हाऱ्यासारखा भव्य दर्शनी भाग उभारला. पुढे आरिस्तीद काव्हाये-कोल याने १८६२ साली त्याची नव्याने रचना पुरी केली, तेव्हा क्लिकोच्या जुन्या नळ्यांपैकी पुष्कळशा त्याने आदराने राखून शंभर स्टॉपांच्या, म्हणजे निरनिराळ्या नादांच्या नळीसंचांच्या, नव्या सरंजामात सामावून घेतल्या.

एवढ्या विस्तारामुळे एक अडचण मात्र उभी राहत होती. पट्टी दाबली की लाकडी काड्यांच्या साखळीने दूरवरची झडप उघडून नळीत वारा शिरावा, अशी या वाद्याची मूळ व्यवस्था. पण झडपा वाढल्या आणि पट्ट्यांच्या एका रांगेला दुसऱ्या रांगा जोडल्या, की बोटांवर असह्य भार पडे. बार्कर नामक इंग्रजाने यावर अशी तजवीज काढली, की बोटाने फक्त एक चिमुकली झडप उघडावी, तिच्यातून एका छोट्या भात्यात वारा भरावा आणि ओढण्याचे सारे कष्ट त्या भात्याने उपसावेत. वाऱ्यावर वाजणाऱ्या वाद्याचे ओझे वाऱ्याकडूनच उचलवून घेणारी ही बुद्धी विलक्षण म्हटली पाहिजे! तिच्यामुळेच पट्ट्यांच्या पाच रांगा, त्यांच्या दोन्ही अंगांना अर्धवर्तुळात पायरीपायरीने मांडलेल्या स्टॉपच्या मुठी आणि पायांखालच्या पट्ट्या, एवढा सारा मुलूख एका वादकाच्या अमलाखाली आला. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन रीडवर वाजे आणि त्याचा भाता वादकाच्याच पायांनी चाले; येथे भाते हाकण्यास निराळी माणसे असल्यामुळे वादकाचे पाय खर्जाचे स्वर वाजवण्यास मोकळे राहिले.

या कन्सोलपुढे १८७० सालापासून विदोर बसला तो १९३३ अखेरपर्यंत, आणि त्याच्यामागून द्युप्रे १९७१ पर्यंत. शंभर वर्षांत दोनच वादक! दर पिढीच्या अभिरुचीनुसार वाद्ये मोडून पुन्हा बांधण्याच्या काळातही हे वाद्य बव्हंशी मूळ रूपात टिकले, त्याचे मोठे श्रेय मी या दीर्घ सहवासाला देतो. विदोरचा शिष्य आल्बेर्ट श्वाइट्झर याने १९०६ साली ऑर्गन बांधणीवर लिहिताना अशा जुन्या वाद्यांची बाजू हिरिरीने मांडली, तीही याच परंपरेतून. भात्यांवरच्या माणसांचे काम पुढे विजेने घेतले आणि १९३४ साली पायपट्ट्यांसाठी दोन स्टॉप वाढवण्यात आले. बार्करच्या युक्तीचे भाते मात्र वादकाच्या बोटांखाली अद्याप काम करीत आहेत.